दवाखान्याचं देणं दुसऱ्या कार्डावर

बायको गेली त्या दिवशी दवाखान्यात दोन कामं होती. तिला घरी आणायचं आणि बिल भरायचं. बिल आधी. तसा नियमच असतो. जवळची रोकड औषधांत आणि तपासण्यांत संपली होती, म्हणून खिशातलं क्रेडिट कार्ड काढून खिडकीत दिलं. आतल्या माणसानं ते मशीनला लावलं, माझ्याकडनं नंबर दाबून घेतला, कागद फाडून दिला आणि म्हणाला, "झालं." मलाही वाटलं, झालं.

ते कार्ड मी मागितलं नव्हतं. मी पाणीखात्यात चावीवाला होतो. कुठल्या गल्लीला कधी पाणी सोडायचं त्याप्रमाणं व्हॉल्व्हची चावी फिरवायची आणि पाणी कमी आलं की शिव्या खायच्या, अशी नोकरी. मंगळवार पेठेतल्या शिव्या सगळ्यांत भारी, त्यात पणजोबापर्यंत कुणी सुटायचं नाही. रिटायर झालो, पेन्शन बँकेत यायला लागली, तसं बँकेतल्या एका टायवाल्यानं सांगितलं, "काका, कार्ड ठेवा, फुकट आहे." फुकट म्हटल्यावर ठेवलं. आमच्या हिनं ते रेशनकार्डाच्या पिशवीत घातलं. दोन्ही कार्डंच की, म्हणाली.

दवाखान्यात बोलण्यासारखी होती तेव्हा तिनं मला विचारलं होतं.

"किती झालं?"

"तू झोप."

"झोपलेलीच हाय की. किती झालं?"

"कार्डावर टाकणार हाय."

"कुणाच्या?"

"माझ्याच."

"मग बरं. जावयाचा रुपाया घ्यायचा न्हाय बघा. लेकीच्या घरचं घिऊन मी बरी झाले, तर मला मान वर करता यायची न्हाय."

"न्हाय घेत."

"नक्की?"

"न्हाय म्हटलं न्हवं?"

ती बरी झाली नाही. पण शब्द दिला तो दिला. माणूस गेलं म्हणून शब्द माघारी घेता येत नाही, उलट मग तो कुणाला माघारी द्यायचा हाच प्रश्न पडतो.

पुढं दर महिन्याला बँकेचा मेसेज यायला लागला. त्यात दोन आकडे असायचे, एक मोठा, एक लहान. लहान्याच्या पुढं 'मिनिमम' लिहिलेलं. मी सातवी नापास. मला वाटलं, हा हप्ता. दर महिन्याला बँकेत जाऊन तेवढे भरून यायचो, कधी चुकलो नाही. बँकवाले माझ्यावर खूश होते. का खूश होते ते नंतर कळलं. मोठा आकडा काही खाली येईना, हळूहळू वर चढायला लागला. पाणीखात्यातली मीटरंही अशीच असायची, म्हणून मी फार मनावर घेतलं नाही.

लेक आम्हाला एकच. कसबा बावड्याला दिली आहे, जावई साखर कारखान्यात आहे. रविवारी डबा घेऊन येते, फ्रीज उघडते आणि आतल्या एकेका वस्तूला नावं ठेवते. एका रविवारी फ्रीज झाल्यावर तिनं माझा मोबाईल उघडला.

"आबा, तुम्ही नुसतं मिनिमम भरताय?"

"जेवढं मागत्यात तेवढं भरतोय."

"अवो, ते सगळं व्याजातच जातंय. वरनं टाकी भरताय आणि खालचा व्हॉल्व्ह उघडाच हाय."

मला व्हॉल्व्ह शिकवायला लागली. पण बोलली ते खरं होतं.

"दुसऱ्या कार्डावर टाकू," ती म्हणाली. "व्याज निम्म्यावर येतंय. मी चौकशी केलीया. ह्यांच्या बँकेचं हाय बघा कार्ड, त्याच्यावर टाकू."

ह्यांच्या म्हणजे जावयाच्या. आमच्याकडच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, आणि त्या 'ह्यांच्या'पायी निम्मी भांडणं होतात. मला ऐकू आलं ते एवढंच, की माझं देणं आता जावयाच्या कार्डावर जाणार.

"न्हाय," मी म्हटलं.

"का न्हाय?"

"न्हाय म्हंजे न्हाय."

"अवो पर व्याज..."

"व्याज माझं मी बघीन. तू फ्रीज बघ."

तिनं डबा घासला, आपटला आणि गेली.

आता हे का, ते सांगतो. हिला नेली तेव्हा पुढं मडकं धरून चालायचं काम माझ्याकडं होतं. खांदा जावयानं दिला, भावकीनं दिला. अर्ध्या वाटेवर खाली ठेवली, तेव्हा मी म्हटलं, मडकं धरा कुणीतरी, आता मी घेतो. "आबा, तुमचा गुडघा," असं म्हणून दोघांनी मला दंडाला धरून बाजूला केलं. बरोबर केलं. गुडघा खराबच आहे, मी पडलो असतो तर हिला घेऊन पडलो असतो. पण संसार केला मी आणि उचलली दुसऱ्यांनी. तेव्हा मनात म्हटलं, ती नाही तर नाही, बिल तरी मी वाहीन. त्याला गुडघा लागत नाही.

हे लेकीला सांगितलं असतं तर मिटलं असतं. पण असलं कुणी सांगतं का.

पुढच्या रविवारी ती आली, पण बोलेना. तिच्या आईलाही न बोलता भांडता यायचं. डबा ठेवला आणि जाता जाता म्हणाली, "मी त्या बँकेतल्या बाईस्नी सांगून ठेवलंय. त्यांनी कागद काढलेत. न्हाय म्हणायचं तर तुम्ही येऊन म्हणा, मी म्हणणार न्हाय."

"चल की," मी म्हटलं. "न्हाय म्हणायला मला काय भ्या हाय?"

दुसऱ्या दिवशी दोघं गेलो. बँकेत एसी एवढा लावलेला की लोक पैसे मागायला आलेत की थंडीनं कापायला, कळेना. टेबलामागच्या बाई आजऱ्याकडच्या. हे त्यांनी आपणहून सांगितलं, नाहीतर मी विचारणारच होतो.

"काका, आधार आणि पॅन आणलंय?"

"मी न्हाय म्हणायला आलोय."

"बरं. मग बसून न्हाय म्हणा."

बसलो.

"न्हाय कशासाठी?"

"माझं देणं जावयाच्या कार्डावर चालायचं न्हाय."

लेकीनं माझ्याकडं बघितलं. "जावयाच्या?"

"तूच म्हणालीस की, ह्यांच्या कार्डावर."

"ह्यांच्या बँकेचं म्हटलं, आबा. कार्ड तुमचंच. देवा, म्हणून तुम्ही न्हाय न्हाय करत होता व्हय?"

बाईंना हसू येत होतं, पण बँकेत होत्या म्हणून त्यांनी ते दाबलं. "काका, जावयाच्या कार्डावर टाका म्हटलं तरी आम्हाला टाकता येत नाही. ज्याचं देणं त्याच्याच नावावर. आम्ही तुम्हाला नवीन कार्ड देणार. जुन्या बँकेचं सगळं देणं आम्ही एकदम भागवणार. मग तेवढे पैसे तुम्ही आम्हाला हप्त्यानं द्यायचे, कमी व्याजानं."

"म्हंजे देणेकरी मीच?"

"तुम्हीच."

"शेवटपर्यंत?"

"शेवटचा हप्ता जाईपर्यंत. पण हप्ता पुरा भरायचा. इथं मिनिमम भरून बसलात तर आमचं व्याजही त्यांच्यासारखंच लागतंय, ते आत्ताच सांगते."

मी जरा विचार केला. मग म्हटलं, "म्हंजे तिरडी तीच, माणूस तोच. नुसती उजव्या खांद्यावरची डाव्या खांद्यावर घ्यायची."

बाईंचं पेन थांबलं. लेक म्हणाली, "आबा, बँकेत असं बोलत न्हाईत."

"बोलू द्या की," बाई म्हणाल्या. "आमच्या कागदात याच्यापेक्षा अवघड लिहिलंय."

वयाची अट होती. त्या अटीत मी अजून बसत होतो. कशात तरी बसलो. बाई एकेक विचारून लिहून घेत होत्या. "विवाहित?" असं विचारलं तेव्हा मी "व्हय" म्हटलं. लेक भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघायला लागली. बाईंनी काहीतरी लिहिलं. काय ते मी बघितलं नाही.

नवीन कार्ड आलं. जुन्या बँकेचा आकडा एका दिवसात पुसला गेला. जुनं कार्ड बंद करतो म्हणून सांगितलं, तर तिथनं फोन आला. एक मुलगी हिंदीतनं विचारायला लागली, सर, आमच्या सेवेत काय कमी पडलं? मी म्हटलं, कमी काही पडलं नाही, गळत होतं.

नवीन कार्डाचं पहिलं बिल रविवारीच आलं. लेकीनं ते वाचून दाखवलं. हप्ता वेगळा आणि खाली एक फी लावलेली. देणं इकडनं तिकडं न्यायची फी.

"ही फी मी भरते," ती म्हणाली.

"न्हाय."

"ऐकून तरी घ्या. हे देणं न्हवं, हमाली हाय. देणं तुमचं तुम्ही फेडा, मी हात लावत न्हाय."

"पर कशाला?"

ती कढईतलं खरवडत होती. खरवडायचं काही राहिलं नव्हतं, तरी खरवडत होती.

"तुम्ही मडकं धरलंसा. ह्यांनी खांदा दिला. मला बायकांसंगं दारातच थांबवलं, आबा. ती माझी आई न्हवती व्हय?"

पाणीखात्यात लोकांनी मला काय काय विचारलं, पण असं कुणी विचारलं नव्हतं.

"पैसं कुणाचं?" मी विचारलं.

"माझं. ब्लाऊज शिवल्यालं."

"जावयाचा रुपाया न्हाय त्यात?"

"एक न्हाय."

"भर मग."

तिनं हात पदराला पुसले, खुर्ची ओढली आणि मोबाईल घेऊन बसली. फी काही फार नव्हती. पण ती भरायला तिला बराच वेळ लागला. नंबर घालायची, पुसायची, परत घालायची. मी शेजारी बसून राहिलो. घाई कर म्हटलं नाही.