नगरच्या सुयांच्या वर्गात मी काय बोललो

सुरुवातीलाच सांगतो, भुताखेताच्या गप्पा निघाल्या की मी उठून जाणारा माणूस. डॉक्टर आहे... म्हणजे होतो, आता वय ऐंशीच्या पुढे गेलंय आणि दवाखाना बंद करूनही बरीच वर्षं झाली. अंगात येतं म्हणून आणलेल्या बायकांना मी रक्तवाढीच्या गोळ्या देऊन परत पाठवायचो, आणि त्यातल्या बऱ्याच जणी सुधारायच्याही. त्यामुळे हे सांगताना मलाच अवघडल्यासारखं होतंय. पण नात म्हणाली, "आजोबा, तुम्ही सांगा, मी टाईप करते." म्हणून सांगतोय. जसं घडलं तसंच. पदरचं काही घातलेलं नाही.

बहात्तर-त्र्याहत्तरच्या दुष्काळातली गोष्ट. माझा दवाखाना श्रीगोंदा तालुक्यात, काष्टीला होता. सगळीकडे दुष्काळी कामं चालू होती. खडी फोडायची, पाझर तलाव खणायचे, पाट्या वाहायच्या. दवाखान्यात ताप-खोकल्यापेक्षा खांदे, मनगटं आणि कमरा जास्त यायला लागल्या. बायका उजवा हात डाव्या हाताने धरून समोर बसायच्या. गोळी दिली की दोन दिवस बरं वाटायचं, तिसऱ्या दिवशी परत हातोडा हातात. विश्रांती घ्या म्हणायची सोयच नव्हती.

आदल्या वर्षी मी पुण्यात ॲक्युपंक्चरचा एक छोटा कोर्स केला होता. तेव्हा हे प्रकरण आपल्याकडे अगदी नवं. चीनमध्ये सुया टोचून ऑपरेशन करतात अशा बातम्या पेपरात यायच्या आणि लोक हसायचे. पण तो कोर्स म्हणजे नुसती तोंडओळख. म्हणून कोर्स झालेल्यांसाठी नगरमध्ये पुढचा वर्ग निघतोय असं कळल्यावर मी लगेच नाव दिलं. विषय नेमका मला हवा तोच होता — सांधे, स्नायू आणि जुन्या मारांची दुखणी. महिन्यातून एक रविवार, सकाळी नऊ ते एक. माळीवाड्याजवळ एका शाळेची खोली मिळाली होती.

शिकवायला होते ते कलकत्त्याहून शिकून आलेले, पन्नाशीचे, मितभाषी. आम्ही त्यांना नुसतं 'सर' म्हणायचो. स्टीलच्या सुया, त्या उकळून पुन्हा पुन्हा वापरायच्या, टोक बोथट झालं की बारीक दगडावर घासायचं... हे सगळं ते स्वतः करून दाखवायचे.

वर्गात आम्ही नऊ जण होतो. आठ डिग्रीवाले, आणि नववे कोपरगावचे रामभाऊ. रामभाऊंच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हाडं बसवायचं काम. साखर कारखान्यावरचे हमाल, ऊसतोडीची माणसं, वेळ पडली तर बैलसुद्धा — सगळ्यांचे मुरगळलेले सांधे त्यांच्या हाताखालून जायचे. सरांनी त्यांना वर्षभर स्वतःजवळ ठेवून सुया शिकवल्या होत्या. मला ते खटकलं. पहिल्याच दिवशी मी सरांना बाजूला घेऊन म्हणालो, "सर, डॉक्टरांच्या वर्गात हाडवैद्य कशाला?"

सर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "तुम्ही त्यांच्या शेजारी बसत जा."

झालं! तेव्हापासून प्रॅक्टिकलला माझी जोडी रामभाऊंशी. त्यांनी माझं बोलणं ऐकलं होतं की नाही, कोण जाणे. पण ते मला कायम 'डॉक्टरसाहेब'च म्हणायचे.

तिसऱ्या वर्गाला, उन्हाळ्याच्या सुरुवातीला, हे घडलं. त्या दिवशी सरांनी वेगळाच सराव दिला होता. जोडीदाराला काही विचारायचं नाही. त्याच्या पाठीवरून नुसती बोटं फिरवायची, जुनं दुखणं कुठे आहे ते शोधायचं आणि तिथे सुई लावायची. सरांनी दोनदा बजावलं, "फासळ्यांवर सुई उभी घालायची नाही. तिरपी, वरवर. खाली फुप्फुस आहे."

मी सदरा काढून टेबलावर पालथा झोपलो. डोकं टेबलाच्या कडेबाहेर, नजर खाली शहाबादी फरशीवर. रामभाऊंची जाड बोटं मणक्यावरून खाली गेली, परत वर आली आणि डाव्या फऱ्याच्या, म्हणजे खांद्याच्या पात्याच्या, खाली थांबली.

जागा बरोबर होती. तिथे मला समजायला लागल्यापासून दुखायचं. फार नाही, पण कायम. पुण्यात असताना एक्स-रे काढला होता, त्यात काही निघालं नव्हतं.

"हितं शिंग लागलंय," रामभाऊ म्हणाले.

मला हसू आलं. "नाही हो. मला आयुष्यात कधी जनावराने मारलेलं नाही."

"आसंल..." ते म्हणाले. "पर बोट दाबलं की मास मागं सरतंय. मारकुट्या बैलाखाली सापडलेल्या मानसाचं सरतं तसं."

त्यांनी सुई लावली. टोचल्याचं कळलंसुद्धा नाही. मग ती जागा जड झाली — ते नेहमीचंच, आम्ही त्याचीच वाट बघतो. आणि मग... फरशी हलायला लागली.

म्हणजे ती फरशी नव्हतीच. खालून वाट सरकत होती. पांढरी, उन्हात तापलेली धुळीची वाट, आणि त्यावर दोन टाचा. मला त्या उलट्या दिसत होत्या, कुणाच्या तरी खांद्यावरून मागे लोंबकळताना दिसाव्यात तशा. उजव्या पायात जाड पायताण होतं. डावा पाय उघडा, टाचेला भेगा. तो पाय जमिनीला टेकला की लगेच उचलला जात होता. लांब कुठेतरी जनावरांचा आणि माणसांचा गलका चालला होता. तोंडात मातीची चव. भीती अजिबात वाटत नव्हती. दुखतही नव्हतं. फक्त त्या उघड्या पायाची काळजी वाटत होती... इतकी, की दुसरं काही सुचत नव्हतं.

पुढचं मला आठवतं ते सरांचं "सुई काढा, रामभाऊ" एवढं वाक्य. मी उठून बसलो. रामभाऊंच्या कपाळावर घाम आला होता.

"डॉक्टरसाहेब, माझं काय चुकलं का?"

"नाही हो. काय झालं?"

सर शेजारीच उभे होते. प्रत्येक सुईनंतर जोडीदार काय सांगतो ते केसपेपरवर लिहायची त्यांची सवय. त्यांनी विचारलं, "आबा कोण?"

"माझे वडील. का?"

त्यांनी कागद माझ्या हातात दिला. त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं — 'आबा, मला खाली ठिवा. तुमचा पाय पोळतुय. मी बसते हितं.'

मी तीनदा म्हटलं होतं म्हणे. दरवेळी तेच, त्याच क्रमाने. ही भाषा मी घरातसुद्धा बोलत नव्हतो. पुण्याला शिकायला गेलो तेव्हाच ती सुटली होती. आणि ते शेवटचं क्रियापद!

"सर, 'बसतो' असेल," मी म्हणालो.

"बसते," सर म्हणाले. "सगळ्या वर्गाने ऐकलंय."

कागद घडी करून मी खिशात ठेवला आणि दुपारच्या एसटीने काष्टीला परत आलो. त्या दिवशी घरी कुणाला काही बोललो नाही. झोपेत बडबडलो असेन, उपाशीपोटी सुई लावून घेतली म्हणून भोवळ आली असेल... अशी स्वतःची समजूत घालत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा ओट्यावर वाखाची दोरी वळत बसले होते. तेव्हा ते सत्तरीचे होते. आई मी पाच वर्षांचा असतानाच गेली होती. आमचं मूळ गाव नेवासा तालुक्यातलं, पण माझ्या जन्माआधीच आबा ते सोडून काष्टीला, माझ्या आजोळी येऊन राहिले होते. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही.

मी शेजारी बसलो आणि हसत हसतच म्हणालो, "आबा, काल नगरला गंमत झाली. सुई लावल्यावर मला कुणाचे तरी पाय दिसले. एका पायात पायताण, दुसरा उघडा. ऊन रणरणतंय, आणि मी म्हणतोय, आबा, मला खाली ठेवा..."

दोरी वळणारे हात थांबले.

"कुनी सांगितलं तुला?"

"कुणीच नाही."

"मामानं?"

"नाही आबा. खरंच कुणी नाही."

ते म्हणाले, "पायतानाचं तर म्या तुज्या आईलाबी सांगितलं न्हवतं."

आणि मग सांगायला लागले. थांबत थांबत, माझ्याकडे न बघता.

मला एक बहीण होती. भागू. माझ्या आधीची. आठ वर्षांची असताना आबा तिला घोडेगावच्या जनावरांच्या बाजाराला घेऊन गेले होते. गाय विकायची होती, आणि ती गाय भागू पुढे असल्याशिवाय पाऊल टाकायची नाही. बाजारात कुणाचा तरी बैल दावं तोडून उधळला. पळापळीत भागू त्याच्यापुढे सापडली. मागून शिंग लागलं — डाव्या फऱ्याखाली.

"रगत जास्त न्हवतं," आबा म्हणाले. "मला वाटलं, वाचंल. फुडच्या गावात डाक्तर हुता. तिला खांद्यावर टाकली अन पळालो. गर्दीत डावं पायतान कुटं गेलं कळलंच न्हाई. ती सारखी म्हनायची, आबा, मला खाली ठिवा, मला खाली ठिवा. मला वाटलं, तिला लई दुखतंय. हिसकं बसत्यात. मंग एका बाभळीखाली ठिवली..."

मी पाणी आणून दिलं. ते त्यांनी घेतलं नाही.

"ठिवली अन ती गेली. म्या ठिवायला नको हुती, पोरा. डाक्तर लांब न्हवता. ती खाली ठिवा म्हनत हुती अन म्या ऐकलं. आज इतकी वर्सं झाली, रोज वाटतं, नसती ठिवली तर?"

मग तेच म्हणाले, "फुडं काय तरी बोलायची ती. पर तिचं तोंड माज्या पाठीकडं. त्यात बाजाराचा गलका, माजीच धाप. न्हाई ऐकू आलं."

मी आत जाऊन सदऱ्याच्या खिशातला कागद आणला. आबांना वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं.

"आबा, मला खाली ठिवा. तुमचा पाय पोळतुय. मी बसते हितं."

त्यांनी परत वाचायला सांगितलं. मी परत वाचलं. मग त्यांनी आपला डावा पाय जवळ ओढला, तळव्यावर हात ठेवला आणि रडायला लागले. आई गेली तेव्हाही ते रडल्याचं मी कुणाकडून ऐकलेलं नाही. मी त्यांच्याजवळ नुसता बसून राहिलो. शेवटी डोळे पुसून ते एवढंच म्हणाले, "दुखत न्हवतं म्हन की तिला."

"नाही, आबा," मी म्हणालो. "अजिबात दुखत नव्हतं." आणि मी खोटं बोलत नव्हतो.

पुढच्या महिन्यात वर्गाला गेलो तेव्हा रामभाऊंना बाहेरच गाठलं, सगळं सांगितलं आणि पहिल्या दिवशी सरांकडे जे बोललो होतो त्याची माफी मागितली. ते म्हणाले, "म्या तवाच ऐकलं हुतं, डॉक्टरसाहेब. जाऊ द्या." सरांच्या देखत आम्ही तीच सुई त्याच जागी परत लावून बघितली. नंतरच्या दोन वर्गांतही लावली. जागा जड झाली, बाकी काही नाही. फरशी फरशीच राहिली. दुखणंही गेलं नाही. थंडीत अजूनही तिथे ठणकतं.

लोकांनी मला हरतऱ्हेची कारणं सांगितली. लहानपणी कुणाचं तरी बोलणं कानावर पडलं असेल. पडलंही असेल, बहिणीचं, बैलाचं. पण ते पुढचं वाक्य खुद्द आबांनी ऐकलं नव्हतं, मग ते माझ्या कानावर कुठून पडणार? कुणी पुनर्जन्म म्हणालं. ते मला पटत नाही. भागूचं दुसरं काहीच मला आठवत नाही — ना ते गाव, ना ती गाय. फक्त त्या खांद्यावरची ती वाट, तीही मिनिट-दीड मिनिट. सरांना विचारलं तर ते म्हणाले, "मी लिहून घेतलं. त्यापलीकडे मला माहीत नाही." मलाही माहीत नाही. पन्नास वर्षं विचार करूनही नाही.

एक मात्र झालं. तोपर्यंत आबांना कुणी विचारलं, मुलं किती, तर ते 'एक' म्हणायचे. त्या सकाळनंतर ते 'दोन' म्हणायला लागले. "थोरली भागू," असं आधी तिचं नाव घ्यायचे आणि मग माझं. ऐकणारा विचारायचा, लेक कुठे दिली? तेव्हा आबा त्याला बसायला सांगायचे आणि ती गाय तिच्यामागून कशी चालायची, तिथून सुरुवात करायचे.