पट्टा काढून केलेलं पारायण

मागच्या वर्षी मला देवाचा मनापासून राग आला होता. असं लिहू नये, पण आला होता. पायरी चुकल्याचं निमित्त झालं आणि पाठीचा एक मणका दबला. डॉक्टरांनी ब्रेस दिला. पाठीवर पोलादाच्या दोन उभ्या पट्ट्या, खांद्यांवरून चामड्याचे पट्टे आणि पोटावर आवळून बांधायचं जाड कापड. पाठ पुढे झुकू नये, मणक्यावर भार येऊ नये म्हणून तो घालायचा. झोपताना आणि अंघोळीला काढायचा, एरवी नाही. मांडी घालून बसायचं नाही. बडोद्याच्या उकाड्यात तो बांधून घरात वावरताना जीव नकोसा व्हायचा. जेवायला बसलं तरी थकायला व्हायचं, कुणाशी बोललं तरी थकायला व्हायचं.

मग मी गुरूंच्या पोथीचं पारायण धरलं. दुसरं काय करणार होते? आमच्याकडे पारायण सोवळ्यातच, आसनावर मांडी घालून. अंगावर शिवलेलं नको, चामडं तर नकोच नको. म्हणून अंघोळीला काढलेला ब्रेस खुंटीलाच राहायचा आणि मी देवासमोर. अध्याय संपेस्तोवर पाठीतून कळा निघायच्या आणि मी स्वतःलाच दटावायची, सोस बाई, उगाच कुरकुर नको. एक पारायण झालं, दुसरं धरलं. माझी सून मेघा सकाळीच नोकरीला बाहेर पडते, त्यामुळे तिला यातलं काही ठाऊक नव्हतं.

पुढे कळा पायात उतरायला लागल्या तशी मेघा मला बळेच रावपुऱ्यातल्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी नवा एक्स-रे उजेडासमोर धरला. "ब्रेस घालता ना?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. पूजेपुरता काढते ते काही बोलले नाही, ते मला काढणं वाटतच नव्हतं. ते म्हणाले, "हाड भरत नाहीये. दिवाळीपर्यंत बघू, नाहीतर स्क्रू घालावे लागतील." मला ऑपरेशनपेक्षा नंतरच्या अंथरुणाची भीती वाटली. माझी अंघोळ मेघाच्या हातून व्हायची, ते मला नको होतं.

मेघा औषधं आणायला गेली आणि मी बाकावर बसले. समोर एकाच्या बुटात प्लास्टिकची पट्टी होती, लकव्यानंतर लोंबणारं पाऊल वर धरायला. कुणाच्या झिजलेल्या गुडघ्यावर नीकॅप, कुणाच्या मनगटाला हाताला मुंग्या येतात म्हणून पट्टी. सगळे आपापल्या नंबराची वाट बघत बसलेले. माझ्या शेजारच्या वयस्क गुजराती बेनच्या मानेला जाड कॉलर होती आणि तिच्याखाली तुळशीची कंठी. वैष्णव मंडळी शिवाशिव आमच्याहून कडक पाळतात. मी न राहवून विचारलं, "सेवेच्या वेळी कॉलर काढता का हो?"

त्या मान वळवू शकत नव्हत्या, म्हणून सगळ्या अंगानिशी माझ्याकडे वळल्या. "शा माटे काढवानी?" कशाला काढायची, म्हणाल्या. मग सावकाश, मला कळेल अशा गुजरातीत बोलल्या, की घरच्या ठाकोरजींना, म्हणजे त्यांच्या कृष्णाला, हिवाळ्यात थंडी वाजू नये म्हणून त्या स्वतः कापूस भरलेला डगला शिवतात. तो शिवलेलाच असतो आणि ठाकोरजी तो अंगावर घेतात. "मने दुखे तो एमने गमे, बेन?" मला दुखलेलं त्यांना आवडेल का, एवढंच त्यांनी विचारलं. तेवढ्यात त्यांचा नंबर आला. "जय श्री कृष्ण" म्हणून त्या आत गेल्या. मला एकाएकी रडू फुटलं, आणि मेघा आली तेव्हा मी तिला खुंटीचं सगळं सांगून टाकलं. ती रागावली नाही. "चालो, घरी जाऊ," म्हणाली आणि माझा हात धरला.

दुसऱ्या दिवशी तिनं रजा घेतली. चामड्याचे पट्टे बदलून कापडी करून आणले, देवासमोर खुर्ची मांडली आणि पोथीसाठी उंच स्टूल ठेवलं. पहिल्यांदा ब्रेस बांधून वाचायला बसले तेव्हा चोरट्यासारखं वाटलं. पण त्या दिवशी पाठीकडे लक्षच गेलं नाही. वाचलेलं डोक्यात शिरत होतं. दिवाळीआधीच्या एक्स-रेत हाड भरत आलेलं दिसलं आणि ऑपरेशनचा विषय संपला.

त्या बेन पुढे मंगळबाजारात दिसल्या, मान मोकळी होती. मी हात जोडले. त्यांना मी आठवले नाही. हसून, भाजीची पिशवी सावरत निघून गेल्या. त्यांना कुणी पाठवलं होतं की नाही, यावर मी वाद घालत नाही. आजही थकते. खुर्चीतच वाचते. पण राग उरलेला नाही. आयुष्यभर मी देवाला विनवत आले, मला धर म्हणून. त्यानं धरलं होतं, आणि मीच रोज सकाळी त्याचा हात सोडवून, खुंटीला टांगून, त्याच्यापुढे बसत होते.