विजया आणि सुमनचा प्रश्न

विजया गेल्याचा फोन नांदेडहून तिच्या भाचीनं केला. “मावशी, आत्या गेली हो,” एवढंच बोलून ती थांबली, आणि मी इथं लातूरला कणकेचे हात तसेच घेऊन उभी राहिले. रडू नंतर आलं; आधी आला तो राग. आदल्याच आठवड्यात आमचं फोनवर भांडण झालं होतं आणि “पुढच्या वेळी सांगते तुला” म्हणत तिनं फोन ठेवला होता. आता ती काय सांगणार होती कोण जाणे… महिना होऊन गेला, तरी मनातल्या मनात मी तिला उत्तरं देतच असते.

आम्ही जुन्या मैत्रिणी, आणि आमचं भांडण एकाच गोष्टीवरून, उमेदीच्या वयापासून चाललेलं. पुरुष बाईवर बळजबरी का करतो, हे बुद्धीला समजू शकतं का? विजया म्हणायची, समजलंच पाहिजे. मी फौजदारी वकील. मी म्हणायचे, गुन्हा शाबित करावा, शिक्षा घडवावी आणि घरी यावं. ‘का’ची उठाठेव आरोपीच्या वकिलाला लागते, आपल्याला कशाला? यावर ती हसायची आणि जास्तच पेटायची. ती कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायची. वडील देगलूरला शाळामास्तर. दुःखाला कारण असतं आणि ते शोधता येतं, हे त्यांनी तिला बुद्धवंदनेबरोबरच शिकवलं होतं. भाजी करपली तरी तिला कारण लागायचं, आणि स्वयंपाक मात्र तिला कधीच धड आला नाही.

सुमन आमच्या आयुष्यात आली तेव्हा लातूर नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. कचेऱ्यांच्या पाट्या नव्या आणि नळ कोरडे. दुष्काळानं खेडी बेजार झाली होती. सुमन शिरूर अनंतपाळकडच्या एका खेड्यातली, विशी-बाविशीची. गावाला टँकर यायचा, पण कधी येईल याचा भरवसा नसायचा. म्हणून बायका आपापला हंडा रांगेत ठेवून घरी कामाला जायच्या. हंडा रांगेत म्हणजे बाई रांगेत, असा गावाचा कायदाच होता. तो हंडा कुणी मागं ढकलत नसे. रांग सरकली की शेजारीण तो पुढं सरकवायची, वेळ पडली तर भरूनही ठेवायची. त्या दुपारी सुमन हंडा ठेवून घरी गेली, अजून एक घागर आणायला. नवरा बाहेरगावी कामावर होता. गल्लीतला किराणा दुकानदार, दोन लेकींचा बाप, तिच्या मागोमाग घरात शिरला…

सरकारी वकिलांच्या हाताखाली मी नवखी होते. सुमनजवळ बसायला कुणी बाईमाणूस हवं म्हणून मी विजयाला नांदेडहून बोलावून घेतलं. आरोपीतर्फे गावातल्या बायका साक्षीला आल्या आणि शपथेवर म्हणाल्या की सुमन त्या वेळी रांगेतच होती. त्या खोटं बोलत नव्हत्या, हीच तर पंचाईत. शेवटी आमच्या साहेबांनी मला उलटतपासाला उभं केलं आणि मी एका म्हातारीला विचारलं, तुम्ही सुमनला पाहिलं की तिच्या हंड्याला? म्हातारी माझ्याकडे वेड्यासारखी बघायला लागली. “हंडा होता की समोर. म्या सोता भरला. मंग ती कुटं जाईल?” न्यायाधीशांना सगळा प्रकार दोनदा समजावून सांगावा लागला. दुकानदाराला शिक्षा झाली. माझ्या वकिलीतला तो पहिला मोठा निकाल. मी पेढे आणले.

सुमननं पेढा हातातच धरून ठेवला. मला नाही, विजयाला म्हणाली, “ताई, त्याला इचारता का येकडाव? गावात येवढ्या बाया हायत. मीच का?” आणि विजया हो म्हणाली. मी तिच्यावर भडकले. असल्या माणसाच्या तोंडून काय ऐकायचंय तुला, आणि तो जे सांगेल ते या पोरीला नेऊन देणार आहेस का? पण तिनं शब्द दिला होता.

तो नांदेडच्या तुरुंगात होता. खटपट करून तिनं परवानगी मिळवली आणि कितीतरी खेपा घातल्या. आधी त्यानं ठरलेली उत्तरं दिली. डोकं फिरलं, प्यालो होतो, सैतान शिरला, दुष्काळात माणसाचं चित्त जागेवर राहत नाही. विजया शांतपणे म्हणायची, दुष्काळ तर सगळ्या गावाला होता. मग एकदा तिनं प्रश्न फिरवला. का केलंस, ते राहू दे. कुणी येणार नाही हे तुला कसं कळलं? यावर त्याला चटकन उत्तर सुचलं. पेरणीचा दिवस कसा ठरवला हे सांगावं तसा तो सांगत गेला. नवरा परगावी, दीर बाजाराला, टँकरचा दिवस असल्यानं गल्ली रिकामी. “आन् हंडा रांगेत व्हता बाई. तिला हुडकाया कोन येनार?”

त्या दिवशी ती तडक एस.टी.नं माझ्याकडे लातूरला आली. जेवली नाही. ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत राहिली. मी म्हटलं, मिळालं ना उत्तर? संधी दिसली, साधली. संपलं. ती गर्रकन वळली. “संधी गल्लीतल्या सगळ्या पुरुषांना होती. हंडा सगळ्यांनाच दिसत होता. मग बाकीचे का नाही गेले?” मी म्हटलं, त्याला बाई ही माणूस वाटतच नसेल. त्यावर म्हणाली, तसं असतं तर त्यानं लपूनछपून कशाला केलं असतं? लपवलं म्हणजे वाईट आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. कसं केलं ते सगळं समजतं, आणि का म्हटलं की हाताला काहीच लागत नाही… तिला इतकी हैराण झालेली मी कधी पाहिली नव्हती. मला तिची भीती वाटली.

सुमनला काय सांगायचं यावरून आम्ही पुन्हा भांडलो. तो वेडा होता असं सांगून मोकळी हो, असं माझं म्हणणं. विजयाला खोटं जमायचं नाही. तिनं सुमनला सगळं सांगितलं. तुझ्यात काही नव्हतं, त्यानं फक्त एकटेपणा हेरला, तुझ्या जागी दुसरी असती तरी त्यानं तेच केलं असतं. सुमन पदराचं टोक पिळत म्हणाली, “मंग मला का वाटत ऱ्हातं, म्या दुसऱ्या घागरीचा हावरेपना केला म्हनून झालं?” वर्गात मुलांना गप्प करणारी विजया सुमनचा हात धरून नुसती बसून राहिली.

पुढं ती तुरुंगात असा गुन्हा केलेल्या कितीतरी जणांशी बोलली. प्रत्येकाची युक्ती तिला समजायची, मूळ समजायचं नाही. त्यावर लिही म्हटलं तर म्हणायची, न कळलेल्या गोष्टीवर काय लिहू? मी मात्र माझ्या मतापासून हलले नाही. खटला संपला की माझ्यापुरतं संपतं. त्याशिवाय मी दुसऱ्या दिवशी कोर्टात उभीच राहू शकले नसते.

विजया गेल्यानंतरच्या जलदानविधीला मी नांदेडला गेले. विजयाच्या खोलीत तिच्या पलंगाच्या कडेला सुमन बसली होती, पांढऱ्या केसांची, चष्मा लावलेली. खटल्यानंतर मी तिची चौकशीही केली नव्हती; मला वाटलं, ती मला टाळेल. तीच बोलली. “ताईला कारन घावलं न्हाई, ठावं हाय मला. पर दरसाल यायच्या आन् सांगायच्या, सुमन, अजून कळलं न्हाई बघ. त्या आल्या की बरं वाटायचं. त्या बी सोडून देत न्हवत्या.”

हा विजयाचा दरसालचा फेरा मला माहीतच नव्हता. माझ्या घरी भांडायला येताना ती आधी सुमनकडे जाऊन येत होती तर…

मग सुमननं चष्मा पुसला आणि इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं ते मला विचारलं. “वकीलबाई, तुमाला काय वाटतं? का केलं असंल त्यानं?”

तोंडाशी आलेली सगळी उत्तरं मी गिळली. मला नाही कळलं, असं म्हणाले. सुमननं मान हलवली, जराशी सरकली आणि पलंगावर मला शेजारी जागा करून दिली.