साडूची बरणी

घड्याळजींना धंद्यात कधी कोणाचा हेवा वाटला नाही. अगदी समोर काचेचं झगमगीत घड्याळांचं दुकान उघडलं, तेव्हाही ते डोळ्याला भिंग लावून आपले बारीक स्क्रू फिरवत बसले. पण रविवारी साडूकडे जेवायला जायचं ठरलं, की शुक्रवारपासूनच त्यांच्या पोटात दुखायला लागायचं. त्या दुखण्यावर औषध नव्हतं, कारण दुखणं साडूच्या बरणीत होतं.

साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. गॅरेजवाला गडी, आवाज मोठा, हात त्याहून मोठे. पण हिरवी ऑलिव्ह मुरवावीत तर त्यानेच. लसूण, लिंबाची साल, थोडी बडीशेप आणि तेल. जेवणाआधी बशी मधोमध यायची आणि घड्याळजींची बायको, जी घरात दुसऱ्यांदा वाढून घेत नसे, ती एकेक बी चोखत बसायची. वर म्हणायची, “भावोजींच्या हाताला काय चव आहे!”

लग्नाला बावीस वर्षं झाली होती. तेवढ्या काळात घड्याळजींच्या हाताबद्दल ती एकदाच बोलली होती, तेही नखं वाढली होती म्हणून.

शेवटी त्यांनी साडूला सहज विचारल्यासारखं विचारलं, की ऑलिव्ह आणता कुठून. साडू खदखदून हसला. म्हणाला, “ते सांगितलं तर मेहुणी माझ्या घरी कशाला येईल?” सगळे हसले. घड्याळजीही हसले, पण त्या हसण्यात दात जरा जास्तच दिसले.

दुसऱ्याच दिवशी ते बाजारातल्या सगळ्यात मोठ्या दुकानात गेले. खिशातून भिंग काढलं आणि फळीवरची एकूण एक बाटली तपासली. दुकानदाराला वाटलं, सरकारी माणूस आलाय. त्याने खुर्ची दिली. घड्याळजींनी निवड केली ती आपल्या धंद्याच्या नजरेने: सगळी एका मापाची, एका रंगाची, कुठे ओरखडा नाही, बिया आधीच काढलेल्या. साच्यातून काढल्यासारखी ऑलिव्ह. घरी येऊन ती खाऱ्या पाण्यातून उपसली, कोरडी केली, बरणीत रचली, लसूण घातला आणि मग आली तेलाची वेळ.

आता घड्याळजींचं आणि तेलाचं नातं समजून घ्यायला हवं. तीस वर्षं त्या माणसाने सुईच्या टोकावरून तेल दिलं होतं. थेंबसुद्धा नाही, थेंबाची चाहूल. तेल जास्त झालं की घड्याळ मेलं, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. त्यांनी मन मोठं करून दोन चमचे तेल घातलं आणि आपल्याच उधळेपणाने घाबरून झाकण लावलं.

पुढच्या रविवारी जेवण त्यांच्याकडे होतं. बरणी उघडली, तर वरच्या थराला पांढरी लव आलेली आणि खालचा थर बोट लावताच पिचणारा. साडूच्या बायकोने पदर तोंडाला लावला. साडू, शहाणा माणूस, आमटीचं कौतुक करू लागला. बायको रागावली असती तरी चाललं असतं. तिने बरणी उचलली आणि हलकेच म्हणाली, “राहू द्या हो. तुम्ही आपली घड्याळंच बघा.”

त्या मायेने अंगाचा जो तिळपापड झाला, तो तीन दिवस निवला नाही. चौथ्या दिवशी, ऐन कामाच्या वेळी, घड्याळजींनी दुकानाचं शटर ओढलं आणि साडूच्या मागावर निघाले. साडू गॅरेजमधून निघाला, मासळीबाजाराच्या मागच्या बोळात शिरला, पिशवी भरून बाहेर आला. घड्याळजी एका हातगाडीआड उभे होते. तो दिसेनासा होताच आत घुसले.

आत ऑलिव्हची चार पिंपं आणि एक जाडजूड मावशी. घड्याळजींनी भिंग काढलं, तशी ती म्हणाली, “ते ठेवा खिशात. तोंड उघडा.” आणि तिने एक ऑलिव्ह त्यांच्या हातावर ठेवलं. दिसायला वेडंवाकडं, कुठे हिरवं, कुठे पिवळट. पण दाताखाली करकरीत, आणि गर बीपासून स्वच्छ सुटला. बी काढलेली आणि अती हिरवीगार घ्यायचीच नाहीत, ती म्हणाली. मग मुरवता कसे म्हणून तिनेच विचारलं. घड्याळजींनी दोन चमच्यांची हकिकत सांगितली, तेव्हा मावशी पिंपाला धरून हसली.

“अहो, बुडायला हवीत ती. वर एक बोट तेल राहिलं पाहिजे.”

त्या दिवशी घड्याळजींनी बरणीत वर बोटभर राहील एवढं तेल ओतलं. मध्येच त्यांनी डोळे मिटून घेतले.

त्यानंतरच्या रविवारी बरणी पिशवीत घालून ते साडूकडेच गेले आणि बशीत ऑलिव्ह स्वतः काढली. बायकोने एक खाल्लं. दुसरं घेतलं, तिसरं घेतलं, बशी जवळ ओढली. घड्याळजींनी बावीस वर्षं वाट पाहिलेलं वाक्य तिच्या ओठांवर आलं होतं, अगदी दिसत होतं.

एवढ्यात साडूने हात घातला. एक खाल्लं, आणखी एक खाल्लं, बिया बशीच्या काठावर ठेवल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाला, “हरलो बुवा. माझ्यापेक्षा सरस झालीत. आजपासून बरणी साडूभाऊंची.”

बायकोचे डोळे भरून आले. ती नवऱ्याकडे वळली.

“बघितलंत? भावोजींचं मन केवढं मोठं!”

घड्याळजींनी बशी शांतपणे उचलली. “पुरे आता, साडूभाऊ,” ते म्हणाले, “तेलकट आहेत, तुम्हाला सोसायची नाहीत.” आणि बरणीचं झाकण त्यांनी असं घट्ट लावलं, की गॅरेजवाल्यालाही ते पान्ह्याशिवाय उघडता आलं नसतं.