रिव्हर्स न टाकणाऱ्याची बायको

ती गाद्या शिवायची. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत संसार आणि कापूस दोन्हीकडे. नवरा नदीवरची प्रवासी बोट चालवायचा. सगळे त्याला कप्तान म्हणत. तीही म्हणायची, पण फक्त भांडताना.

कप्तानाने जन्मात कधी रिव्हर्स टाकला नव्हता. पलीकडून येताना धक्क्याच्या अलीकडचं पंपघर आलं की तो गिअर काढून घ्यायचा आणि इंजिन नुसतं घरघरत ठेवायचा. पुढचं काम पाण्याचं. पाणी बुडाला घासत घासत बोटीचा वेग खायचं आणि बोट धक्क्याच्या टायरला अलगद टेकायची. रिव्हर्स टाकून थांबणाऱ्यांना तो बोटवाले मानतच नसे. "मागे यायचं होतं तर पुढे गेलात कशाला?" असं तोंडावर विचारायचा. त्याच्या बोटीवर रिव्हर्सच्या दांड्याचा उपयोग एकच, टॉवेल वाळत घालायला.

घरातही तीच तऱ्हा. एकदा तिच्या मावशीकडे गेल्यावर दारातच तो "आम्ही जेवून आलोय" म्हणाला. जेवले नव्हते. मावशीने ताटं वाढली, हाताला धरून ओढलं, तरी गडी बधला नाही. तीही बरोबर उपाशी बसली. वर मावशीने "काय जेवलात गं?" विचारल्यावर पदार्थ तिलाच रचावे लागले.

तिचा धाकटा भाऊ रंगाच्या कारखान्यात होता. एका रविवारी तो जेवायला आला आणि बोटीच्या बुडाला लावायच्या नव्या लेपाचं सांगत बसला.

"किडे खाणारं एक झाड असतं, भावोजी. त्याचं पान सुरईसारखं. त्याची कड ओली झाली की इतकी निसरडी होते, की मुंगी बसली रे बसली की थेट आत! आमचा लेप त्यावरूनच सुचलाय. अंगावर तेलाचा पातळ थर धरून ठेवतो. पाण्याला बुड घासताच येत नाही. डिझेल कितीतरी कमी लागतं."

"म्हणजे माझी बोट मुंगी?"

"नाही हो. बोट पान, पाणी मुंगी."

"आणि मी कोण?"

"तुम्ही नुसतं हो म्हणा."

कप्तानाच्या तोंडात घास होता. विचार न करता तो "हो" म्हणून बसला. झालं!

लेप लावल्यावर पहिल्याच दिवशी ती दुपारचा डबा घेऊन धक्क्यावर उभी होती. पंपघराशी कप्तानाने गिअर काढला. बोट धक्क्यापाशी आली, तिच्या हातभर अंतरावरून गेली आणि जातच राहिली.

"अहो!"

"आलोच!" म्हणत तो धक्क्यापुढच्या लाँड्रीमागे चिखलात जाऊन रुतला.

मग रोज तेच. त्याने गिअर आधी काढून पाहिला. भरलेली बोट तरीही धक्का सोडून पुढे जायची आणि रिकामी असली की प्रवाह तिला घेऊन जायचा. शेवट दोन्ही वेळा चिखलातच. नर्सबाई गमबूट घालून कामाला जाऊ लागल्या. हेडमास्तर चपला काखेत मारून उतरू लागले. चहावाल्याने तर टपरीच चिखलाशेजारी हलवली. "रिव्हर्स टाका की!" असं ओरडून सगळ्यांचे घसे बसले. कप्तान म्हणायचा, "धक्का चुकीच्या जागी आहे."

तिला दया आली ती डब्याची; रोज चिखल तुडवून पोचेपर्यंत गार व्हायचा. तिने एक जुनी गादी दुहेरी टाके घालून कॅनव्हासमध्ये शिवली आणि दोरीने बोटीच्या मागे बांधली. गादीने पाणी पिऊन अशी काही अडवणूक केली, की बोट पहिल्यासारखी टायरला टेकली. कप्तान खूश. मागे काय बांधलंय, हे त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर कळलं असतं.

पण बोटीवर कारखान्याने डिझेल मोजायला लावलेलं मीटर होतं. भावाचा फोन आला. आवाज रडवेला.

"ताई, साध्या बोटीपेक्षा जास्त डिझेल जळतंय! साहेब शुक्रवारी स्वतः येतायत. डिझेल कमी दिसायला हवं आणि बोट धक्क्याला लागायला हवी. यातलं एक जरी चुकलं, तरी मला घरी बसवणार."

"कोणाच्या घरी?"

"ताई, तुझ्याच. माझी खोली कारखान्याची आहे."

शुक्रवारी तिने गादी सोडली आणि बोटीवर चढली. केबिनमध्ये कप्तान, साहेब, मीटरला डोळे लावलेला भाऊ आणि ती. बोट लोण्यावरून गेल्यासारखी निघाली. साहेबांचा चेहरा फुलला. पंपघर आलं. कप्तानाने गिअर काढला आणि हाताची घडी घातली. धक्का जवळ आला. टायर दिसला, टायरवरची भेग दिसली.

"भावोजी," भाऊ म्हणाला, "एकदाच. माझ्यासाठी."

कप्तान समोर बघत राहिला. कपाळावरून घाम ओघळत होता, पण घडी सुटेना.

तिने टॉवेल उचलून खांद्यावर टाकला आणि दोन्ही हातांनी दांडा मागे ओढला. इंजिन कण्हलं, साहेब मीटरवर आपटले आणि बोट टायरला टेकली.

कप्तानाने हाताची घडी सोडली.

"मी नाही टाकला," कप्तान म्हणाला.

"नाहीच," ती म्हणाली. "मी टाकला."

हे त्याला पूर्णपणे पटलं. भावाची नोकरी वाचली. साहेबांनी अहवालात लिहिलं की या लेपाच्या बोटीला चालक दोन लागतात, शक्यतो नवरा-बायको.

तेव्हापासून ती बोटीवरच असते. दांड्याशेजारी स्टुलावर बसून उशांचे अभ्रे शिवते. आता कप्तानाने "टाक" म्हणणं म्हणजे त्यानेच टाकल्यासारखं. म्हणून पंपघर गेलं की तो खोकतो आणि ती दांडा ओढते. दोघांत यावर कधी चर्चा झालेली नाही.

परवा त्याला सर्दी झाली. भर नदीत तो खोकला आणि तिने सुई खोचून दांडा ओढला. बोट थांबली, मग मागे जाऊ लागली.

"अहो कप्तान, हा खोकला खरा होता का?" नर्सबाईंनी विचारलं.

कप्तान सुकाणू धरून समोरच बघत होता.

"खरा होता म्हणा, म्हणजे पुढे जाऊ," ती म्हणाली.

पण तसं म्हणणं म्हणजे खोकला मागे घेणं. बोट निघाली होती त्याच काठाला उलटी जाऊन लागली आणि बऱ्याच जणांनी तिथे उतरून पुन्हा तिकीट काढलं.