भीमाशंकरचं न निवडलेलं दगडफूल

पाणी भरून झालं होतं, स्टोव्हवर चहा उकळत होता आणि मी काळ्या मसाल्यासाठी दगडफूल निवडत बसले होते. साली काढायच्या, खडे वेचायचे, फुंकर मारायची. धूळ उडाली आणि वाचनालयात वाचलेलं आठवलं: दगडफुलाला मुळं नसतात, ते हवेवर आणि पावसावर जगतं. मग हवेतला पाराही त्यात उतरत असेल?

पारा आमच्या घरातलाच शब्द. हे पिंपरीत थर्मामीटरच्या कारखान्यात पारा भरायचे. पुढे हात इतके कापू लागले की चहा बशीत सांडायचा. हे गेल्यावर कंपनीने सांगितलं, दारूमुळे. ह्यांनी कधी सुपारीसुद्धा खाल्ली नव्हती. पारा कारखान्याच्या भिंतीबाहेर जातच नाही, असंही कंपनीवाले सांगत. मला एवढंच पाहायचं होतं: बाहेर सापडला, तर आत किती असेल?

सत्तरच्या दशकाच्या शेवटाची ही गोष्ट. काळेवाडीत आमच्या गल्लीत कांबळे सर राहायचे, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. माझी शंका ऐकून कारखान्यामागच्या आंब्यावरचं दगडफूल त्यांनी काढून ठेवलं होतं. "पण ताई, लांबच्या डोंगरावर किती आहे हे कळल्याशिवाय इथला जास्त की कमी, कसं सांगणार?" म्हणून भीमाशंकर ठरलं.

शुक्रवारी सर आणि मी नाशिक फाट्यावर एसटी पकडली. चाकणला कांद्याच्या गोण्या टपावर चढेपर्यंत गाडी हलली नाही. कंडक्टरने माझ्या मांडीवरची खाकी पाकिटं पाहिली.

"मावशी, देवाला चाललात की पोस्टात?"

"झाडांकडे काम आहे," मी म्हटलं. तो हसत पुढे गेला.

मंचरच्या स्टँडवर भजी खाल्ली. घोडेगावनंतर रस्ता अरुंद, वळणांचा. पोट बिघडत असेल तर पुढे बसा. आता वर हॉटेलं झाली आहेत म्हणतात. तेव्हा भाकरी-ठेचा घरूनच न्यावा लागे.

देवळाच्या पायऱ्या उतरण्याआधीच आम्ही रानात शिरलो. खोडाखोडांवर राखाडी-हिरव्या झालरी. इतकं दगडफूल मी वाण्याकडेही पाहिलं नव्हतं. पहिलाच तुकडा सुटला आणि सवयीने मी तो झटकला.

सर ओरडले, "झटकू नका! काय काढायचं ते प्रयोगशाळेत ठरवतील."

"सर, इथे तर कारखाना नाही. मग इथे पारा नसेलच ना?"

"असेलही. वाफ होऊन वाऱ्याबरोबर कुठवर जातो, तेच तर बघायचंय."

मी चाकूने हळूहळू सोडवत राहिले. माझा हात जराही हलत नव्हता. ह्यांची फार आठवण आली.

परतताना सर घोडेगावला बहिणीकडे उतरले. पाकिटं माझ्याकडे राहिली. सोमवारी ती घेऊन ते मुंबईला प्रयोगशाळेत जाणार होते. मी ती फळीवर ठेवली आणि शनिवारी सकाळी दळण आणायला गेले. घराची किल्ली नेहमीप्रमाणे शेजारच्या विठाबाईकडे. ती पिंपळे गुरवच्या शेतकरी घरातली, हाताला काम नसलं की बेचैन होणारी.

आले तर गच्चीवर मिरच्यांशेजारी सुती लुगडं पसरलेलं, त्यावर दगडफूल.

"किती गं घाण होती त्याला! तीन पाण्यांनी धुतलं. आता डंकावर मसाला कुटायला न्यायला मोकळी तू."

"विठाबाई, मला ते धुळीसकटच हवं होतं."

"धूळ? धूळ काय आपल्याकडं कमी हाय व्हय?"

मला हसू आलं, मग रडू. तिला सगळं सांगितलं. ती ह्यांच्या फोटोकडे पाहत म्हणाली, "दारू म्हंत्यात मेले. आमी काय आंधळं हाय?"

संध्याकाळी मी ते धुतलेलं दगडफूल तिच्याच डब्यात भरून दिलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने मी पुन्हा भीमाशंकरला गेले आणि काहीही न झटकता दगडफूल घेऊन आले.