सरव्याचं चित्र

गेल्या हिवाळ्यात मायच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन अमरावतीत झालं. माय अकोल्याला जुन्या शहरात माझ्या भावाकडे राहते. तेव्हा महिनाभर अमरावतीतच, राजापेठेत माझ्याकडे होती. पट्टी निघाल्यावर म्हणाली, "मले रंग दाखव काई."

मी शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेली. युरोप-अमेरिकेतल्या जुन्या चित्रांचं जाडजूड पुस्तक तिच्या मांडीवर ठेवलं. पहिलंच चित्र हातात हात घेतलेल्या जोडप्याचं. पायाशी कुत्रं, बाजूला काढलेले जोडे, झुंबरात एकच पेटती मेणबत्ती. कशाचा काय अर्थ, हे मी मुलांना वर्षानुवर्षं शिकवलेलं. आता मायला सांगावं म्हणून घसा साफ केला.

तीच म्हणाली, "लगन हाय वाटते."

"कशावरून?"

"जोडे काढले न. दिवसा दिवा लावला, म्हनजे देव साक्षीले बसवला. कुत्रं इमान राखते."

मला सांगायला फक्त मागचा आरसा उरला. त्यात दारातली दोन माणसं दिसतात. एक स्वतः चित्रकार असावा, असं मी म्हटलं.

"मंग त्यालेबी जेवाले बसवलं असन," माय म्हणाली.

पुढे एका पानावर ती थांबली. कापणी झालेल्या शेतात तीन बाया वाकलेल्या.

"सरवा वेचून रायल्या," ती हळूच म्हणाली.

शेतात मागे राहिलेली कणसं वेचायला ती लहानपणी आपल्या मायसोबत जायची. हे मला मामाकडून कळलेलं. ती स्वतः कधी बोलली नव्हती. वर्गात मी या चित्रातला उजेड शिकवायचे. मायनं तिसऱ्या बाईवर बोट ठेवलं.

"या दोघी पुऱ्या वाकल्या. हिची कंबर धरली हाय. अन् तो दूर घोड्यावर मुकादम दिसते न. तसल्याच्याच धाकानं आमी मान वर नाई करत होतो."

मग कणसं ओटीत कशी घ्यायची ते दाखवायला ती उठलीच.

"माय, वाकू नको. डॉक्टरनं काय सांगतलं?"

"बरं, बसून दाखवतो," म्हणत ती हसत सुटली. त्या दुपारी तिनं सरव्याच्या इतक्या गोष्टी सांगितल्या, की चहा दोनदा गार झाला.

जाताना पुस्तक अकोल्याला घेऊन गेली. परवा मी गेले, तर शेजारच्या चार बाया तिच्याभोवती. समोर एका अमेरिकन बाईनं काढलेलं चित्र: आई लेकीचे पाय धुतेय. पाणी गरम असेल का थंड, यावर वाद रंगला होता.

"कोमट हाय," माय ठामपणे सांगत होती. "पोरगी पाय मागं घेऊन रायली काय?"

मी चपला काढून त्यांच्या मागे चटईवर बसले.